पंचावन्न किलोंच्या खाली

लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बॉक्सिंगचा सर्वांत हलका वजनगट ५५ किलोंचा ठरला आहे. महिलांचा ५१ किलोंचा. अकोल्यात मी ज्यांना बॉक्सिंग शिकवते त्यांतली काही मुलं मिसरूड फुटून, कॉलेजात जाऊनही ४७-४८ किलोंची आहेत. त्यांची हाडंच तेवढी आहेत. कितीही भाकरी खाऊ घातली, कितीही अंडी चारली तरी ती ५५ ची होणार नाहीत. झालीच तर पोटानं होतील, खांद्यानं नाही. या मुलांसाठी ऑलिंपिकचं दार बंद झालं आहे आणि त्याबद्दल महाराष्ट्रात कुणी हळहळलेलंही माझ्या कानावर नाही.

मी हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं. "मॅडम, पॅकियाओ बघा. बुटकाच होता ना? केवढाल्या लोकांना झोडपलं त्यानं!" मग मेरी कोमचं नाव येतं, माइक टायसनचं येतं. ही सगळी नावं मला जिवापाड प्रिय आहेत. त्यांच्या लढती मी मुलांना थांबवून थांबवून दाखवते, एकेक पाऊल मोजायला लावते. म्हणूनच त्यांचा असा वापर मला सहन होत नाही. लहान चणीचा बॉक्सर मोठ्याला हरवतो तेव्हा रिंगमध्ये नेमकं काय घडतं, त्यासाठी काय मोजावं लागतं, आणि त्या एका विजयाकडे बोट दाखवून किती जणांवरचा अन्याय झाकला जातो, हे बोलायची वेळ आली आहे.

पॅकियाओपासूनच सुरुवात करते. हा फिलिपिन्सचा, अतिशय गरीब घरातला मुलगा. १९९५ मध्ये, सोळाव्या वर्षी पैशासाठी रिंगमध्ये उतरला, तेव्हा लढत मिळण्याइतकंही त्याचं वजन भरत नव्हतं. खिशात वजनं घालून काट्यावर उभा राहिलो, असं त्यानंच पुढे सांगितलं. १९९८ मध्ये थायलंडला जाऊन त्यानं चाचाई सासाकुलला पाडलं आणि पहिलं जगज्जेतेपद घेतलं, ते ५१ किलोंच्या आतल्या गटातलं. तिथून बारा वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०१० ला, टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या प्रचंड स्टेडियममध्ये तो अँटोनियो मार्गारिटोसमोर उभा राहिला. पॅकियाओ साडेपाच फुटांना जेमतेम टेकणारा, मार्गारिटो पाच फूट अकरा इंच. करार ६८ किलोंचा होता. आदल्या दिवशी काट्यावर पॅकियाओ ६६ किलोंच्याही आत भरला. लढतीच्या रात्री पुन्हा मोजलं तेव्हा तो ६७ किलोंचा होता आणि मार्गारिटो ७५ चा. एका रात्रीत मेक्सिकोच्या त्या गड्यानं घाम गाळून घालवलेलं सगळं पाणी अंगात परत भरून घेतलं होतं.

ती लढत पाहिलेला माणूस विसरू शकत नाही. पॅकियाओ आत शिरतो, चार-पाच ठोसे एका दमात देतो आणि समोरच्याचा हात येईपर्यंत तिथे नसतोच. मार्गारिटोचा उजवा डोळा सुजून बंद झाला, डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. अकराव्या फेरीत पॅकियाओ रेफ्रीकडे पाहून आता थांबवा असं खुणावत होता. लढत थांबली नाही. शेवटच्या फेरीत त्यानं हात आखडता घेतला. तिन्ही परीक्षकांनी कौल त्याच्याच बाजूनं दिला आणि आठ वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता होणारा तो जगातला पहिला बॉक्सर ठरला.

ही गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं मी सांगते. त्याच लढतीत सहाव्या फेरीत मार्गारिटोचा एक ठोसा पॅकियाओच्या बरगड्यांत बसला आणि तो दोरांपाशी अक्षरशः आखडला. चेहऱ्यावरचं दुखणं लपत नव्हतं. जगातला सर्वांत चपळ माणूस, आयुष्याच्या सर्वोत्तम काळात, फ्रेडी रोचसारखा गुरू कोपऱ्यात उभा असताना, आठ किलोंनी जड माणसाचा एक ठोसा त्याला असा लागला. त्यानंतर पॅकियाओ बरीच वर्षं खेळला, पण त्या वजनगटाकडे पुन्हा कधी फिरकला नाही.

आता रिंगमधल्या कामाबद्दल. लोकांना वाटतं, लहान बॉक्सर धाडसानं जिंकतो. 'जिगर' हा शब्द फार वापरतात. जिगर माझ्याकडच्या प्रत्येक मुलाकडे आहे, नाहीतर ती नाकावर ठोसा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी आलीच नसती. लहान बॉक्सर जिंकतो तो पायांनी आणि अंतराच्या हिशेबानं. उंच बॉक्सरचा हात लांब असतो, म्हणजे त्याचा जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, लांबून पोचतो. पण तोच हात परत यायलाही वेळ घेतो. जॅब येतो तेव्हा मागे सरणारा लहान बॉक्सर मार खात राहतो, कारण मागे सरून तो समोरच्याला हवं तेच अंतर स्वतःच्या पायांनी मोजून देत असतो. जॅब परत निघाला की त्याच्या पाठोपाठ आत शिरायचं, हे आधी डोक्याला शिकवावं लागतं आणि मग पायांना. आत शिरल्यावर उंच माणसाचे लांब हात अडचणीत येतात, कोपर दुमडायला जागा उरत नाही. तिथे पोटात, बरगड्यांखाली द्यायचं आणि बाजूनं निघायचं. सरळ मागे निघालात की परतीच्या वाटेवर त्याचा उजवा हात उभाच असतो.

हे ज्ञान जुनं आहे. १७ मार्च १८९७ ला अमेरिकेत कार्सन सिटीला बॉब फिट्झसिमन्सनं हेवीवेट जगज्जेता जेम्स कॉर्बेटला चौदाव्या फेरीत पाडलं. फिट्झसिमन्स न्यूझीलंडमध्ये लोहारकाम करत वाढलेला, वजन ७६ किलो. कॉर्बेट त्याच्याहून सात किलोंनी जड आणि त्या काळातला सर्वांत सफाईदार बॉक्सर. सगळी लढत चेहऱ्यावर मार खाल्लेल्या फिट्झसिमन्सनं शेवटी छातीच्या पिंजऱ्याखाली, पोटाच्या वरच्या खळग्यात एक ठोसा दिला आणि कॉर्बेटचा श्वासच अडकला. शुद्धीवर असूनही त्याला वेळेत उठता आलं नाही. उंची कितीही असो, तो खळगा सगळ्यांना सारखाच असतो, असं मी मुलांना सांगते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात कायम घोळते. पॅकियाओ, युक्रेनचा अलेक्झांडर उसिक, मेरी कोम, अमित पंघाल हे चौघेही उजवा पाय पुढे ठेवून डावखुऱ्या पवित्र्यात खेळणारे. योगायोग म्हणून हे सोडून देता येणार नाही. समोरचा उजव्या हाताचा असेल तर डावखुऱ्याचा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडू शकतो, आणि तसा पडला की त्याचा मागचा डावा हात सरळ समोरच्याच्या हनुवटीच्या रेषेत येतो. उंच माणसाला मात्र आपला उजवा हात मारायला आधी अंग वळवावं लागतं. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये उसिकनं टायसन फ्युरीला हरवलं ते अशाच पायांनी. उसिक सहा फूट तीन इंच, म्हणजे आपल्या दृष्टीनं राक्षसच. पण फ्युरी सहा फूट नऊ इंच आणि सतरा-अठरा किलोंनी जड. मधल्या फेऱ्यांत फ्युरी त्याच्याशी अक्षरशः खेळत होता. तरी उसिक पाय थांबवत नव्हता, फ्युरीच्या डाव्या पायाच्या बाहेरून फिरत होता, आणि नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर असा भेलकांडला की रेफ्रीला मोजणी करावी लागली. गुण अगदी थोडक्या फरकानं उसिकच्या बाजूनं गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यानं फ्युरीला पुन्हा हरवलं, आणि या वेळी तिन्ही परीक्षकांचं एकमत होतं.

पण २०१६ साल कुणी आठवत नाही. त्या मे महिन्यात ब्रिटनचा अमीर खान आपल्या गटातून वर जाऊन कानेलो अल्वारेझशी खेळला आणि सहाव्या फेरीत एका उजव्या हातानं असा पडला की पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. सप्टेंबरमध्ये केल ब्रूक दोन गट वर जाऊन गेनाडी गोलोवकिनसमोर उभा राहिला. पहिल्या काही फेऱ्या तो फार सुंदर खेळला, आणि पाचव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला. त्याच्या उजव्या डोळ्याची खोबण फुटली होती. खान आणि ब्रूक दोघंही आपापल्या वजनात जगज्जेते राहिलेले. पाय त्यांच्याकडे होते, डोकं होतं, जिगर तर होतीच. लहान जिंकतो तेव्हा त्याची गोष्ट होते आणि लहान मोडतो तेव्हा ती एक बातमी होऊन दुसऱ्या दिवशी विसरली जाते. आपण गोष्टीच ऐकत आलो आहोत, म्हणून आपल्याला वाटतं की हे सहज जमतं.

मेरी कोमबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्या बाबतीत मोठ्या चणीचा प्रतिस्पर्धी निवडायचा प्रश्नच नव्हता. तो नियमानं तिच्यासमोर आणून उभा केला. २००२ पासून २०१० पर्यंत तिनं पाच जागतिक सुवर्णपदकं घेतली, ती ४५, ४६ आणि ४८ किलोंत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा सगळ्या जगातल्या बायकांसाठी मिळून फक्त तीन गट ठेवले: ५१, ६० आणि ७५ किलो. मेरीला ५१ मध्ये जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या आधी पुण्यात बालेवाडीला तिचा सराव चालला होता, पुरुष बॉक्सरांबरोबर. चार्ल्स अ‍ॅटकिन्सन तिचे प्रशिक्षक होते.

लंडनमधली तिची पहिलीच लढत पोलंडच्या कारोलिना मिखालचुकशी होती. ही बाई २००८ मध्ये ५४ किलोंत जगज्जेती झालेली. तिच्याही वजनाचा गट ऑलिंपिकमध्ये नव्हता, म्हणून ती खाली आली होती आणि मेरी वर गेली होती. तीनच गट ठेवल्यावर दुसरं काय होणार? एक बाई शरीर सुकवून येते, दुसरी शरीर फुगवून येते, आणि दोघींना समान म्हणून एकमेकींसमोर उभं केलं जातं. मेरीनं ती लढत १९-१४ नं जिंकली. पुढे ट्युनिशियाच्या मारूआ रहालीला १५-६ नं हरवलं. उपांत्य फेरीत इंग्लंडची निकोला अ‍ॅडम्स समोर आली, उंच आणि वेगवान. मेरी ११-६ नं हरली. अ‍ॅडम्सनंच पुढे सुवर्ण घेतलं. मेरीच्या हातात कांस्य आलं आणि सगळा देश आनंदानं नाचला. मीही नाचले. पण आपल्या वजनात पाच वेळा जगज्जेती झालेल्या बाईला तिच्या वजनाचा गट ऑलिंपिकमध्ये कधीच मिळाला नाही, हे त्या आनंदात वाहून गेलं. २०१८ मध्ये, तीन मुलांची आई असताना, दिल्लीत तिनं सहावं जागतिक सुवर्ण घेतलं, तेही ४८ किलोंतच. तिचं खरं वजन कोणतं होतं हे याहून स्पष्ट कसं दिसणार?

पुरुषांच्या बाबतीत तर असलेला गट काढून घेतला. ४८ किलोंचा गट ऑलिंपिकमध्ये १९६८ साली आला. त्या पहिल्याच वर्षी व्हेनेझुएलाच्या फ्रान्सिस्को रॉड्रिगेझनं त्यात सुवर्ण घेतलं, आणि ते त्या देशाचं कोणत्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण होतं. चीनला बॉक्सिंगचं पहिलं पदक आणि पहिलं सुवर्ण मिळवून देणारा झोऊ शिमिंग याच गटातला. मंगोलिया, थायलंड, फिलिपिन्स यांनी यात रौप्यपदकं घेतली. ज्या देशांतल्या माणसांची चण लहान, त्यांना जगासमोर बरोबरीनं उभं राहायची ही जागा होती. २०१२ मध्ये मर्यादा ४९ किलो झाली आणि २०१६ च्या रिओनंतर गटच गेला.

रिओमध्ये पुरुषांचे दहा गट होते: ४९, ५२, ५६, ६०, ६४, ६९, ७५, ८१, ९१ आणि ९१ च्या वर. लॉस एंजेलिसमध्ये सात असतील: ५५, ६०, ६५, ७०, ८०, ९० आणि ९० च्या वर. दोन्ही याद्या कागदावर एकाखाली एक लिहून पाहा. वरच्या टोकाचे तीन गट जवळपास जसेच्या तसे आहेत. मधल्या चारांचे तीन झाले. आणि खालच्या तिघांच्या जागी एकच उरला. काटछाट कुणाची झाली हे सांगायला बॉक्सिंग कळावं लागत नाही.

ही काटछाट महिलांना जागा देण्यासाठी झाली असं सांगतात. रिओत महिलांचे तीन गट होते, लॉस एंजेलिसमध्ये सात असतील, पुरुषांच्या बरोबरीनं. मी बाई आहे, रिंगमध्ये उतरलेली बाई आहे, आणि या सातांतला एकही गट मला कमी झालेला चालणार नाही. आमची जागा आम्हाला द्यायलाच हवी होती. पण ती द्यायला पुरुषांच्या यादीची तळाचीच टोकं का कापली? ८०, ९० आणि ९० च्या वर असे तीन गट शाबूत ठेवता येतात, मग ५० चा एक ठेवता आला नसता का? ४८ किलोंच्या मुलापेक्षा ५५ किलोंचा मुलगा जवळपास १५ टक्क्यांनी जड असतो. ८० आणि ९० मधलं अंतर टक्क्यांत याहून कमी आहे, तरी तिथे दोन स्वतंत्र गट आहेत. शिवाय काट्यावर ५५ भरणारा मुलगा एरवी ५८-५९ चा असतो. घाम गाळून, जेवण तोडून तो खाली आलेला असतो. माझा ४८ चा मुलगा खरं तर त्याच्याशी खेळणार.

उझबेकिस्तानचा हसनबॉय दुस्मातोव्ह हा या सगळ्याचा जिवंत दाखला आहे. रिओत ४९ किलोंचं सुवर्ण त्यानं घेतलं आणि संपूर्ण स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर करंडकही त्यालाच मिळाला. लगेच त्याचा गट बंद झाला. टोकियोत ५२ किलोंत त्याच्या देशाकडून दुसराच बॉक्सर गेला. जगातल्या सर्वोत्तम बॉक्सरला आठ वर्षं थांबावं लागलं. मग पॅरिसमध्ये, तिशी उलटल्यावर, ५१ किलोंत त्यानं पुन्हा सुवर्ण जिंकलं. आता तो ५१ चा गटही गेला.

आपला अमित पंघाल त्याच वाटेवरचा. रोहतक जिल्ह्यातल्या मायना गावचा, उंची पाच फूट दोन इंच. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४९ किलोंच्या अंतिम फेरीत त्यानं याच दुस्मातोव्हला हरवलं. ऑलिंपिक विजेत्याला! ते वजन ऑलिंपिकमधून गेलं म्हणून तो ५२ मध्ये गेला आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक घेतलं. त्याआधी एकाही भारतीय पुरुषाला ते जमलं नव्हतं. टोकियोत आणि पॅरिसमध्ये मात्र तो पहिल्याच लढतीत हरला. लोकांनी त्याला खूप नावं ठेवली. त्याच्या चुका झाल्याच असतील, पण ज्या वजनात तो ऑलिंपिक विजेत्याला भारी पडला होता त्या वजनात त्याला ऑलिंपिक खेळायला मिळालंच नाही, हे नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

आणि हे फक्त झालं-गेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला झालेल्या जागतिक स्पर्धेत मीनाक्षी हुडानं ४८ किलोंत सुवर्ण घेतलं. रिक्षाचालकाची मुलगी. अंतिम फेरीत तिनं कझाकस्तानच्या नाझिम किझाइबाइला हरवलं, जिच्याकडे पॅरिसचं कांस्यपदक आहे. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्वतःच्या स्पर्धेत ४८ किलोंचा महिला गट आहे, पुरुषांचा ५० किलोंचाही आहे. म्हणजे या वजनाचे खेळाडू जगात आहेत हे संघटनेला मान्य आहे. फक्त ऑलिंपिकमध्ये ते नाहीत. मीनाक्षीला लॉस एंजेलिसला जायचं असेल तर ५१ मध्ये जावं लागेल, जिथे आपलीच निखत झरीन दोनदा जगज्जेती होऊन उभी आहे. मेरीचं जे झालं तेच पुन्हा.

महाराष्ट्रानं यावर बोलायला हवं, असं मला वाटण्यामागे आपलं कारण आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत आणलं. १९४८ ला लंडनमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले होते आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोंच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्य घेतलं. लहान चणीच्या माणसाला त्याच्या तोलामोलाचा प्रतिस्पर्धी देणारा गट तिथे होता, म्हणून ते पदक आलं. खाशाबांची चपळाई अफाट होती, पण त्यांना त्या चपळाईच्या जोरावर हेवीवेट पैलवानाशी लढवावं असं कुणी म्हटलं नाही. आपल्या जत्रेतल्या फडावरसुद्धा जाणती माणसं अंगापिंडाकडे पाहून जोड लावतात. विजोड कुस्ती लावली तर प्रेक्षकच आरडाओरडा करतात.

मी स्वतः ४६ किलोंत खेळले. त्या काळात जिल्ह्यात मुलीच इतक्या कमी असायच्या की माझ्या वजनाची मुलगी मिळणं नशिबाचा भाग होता. एकदा एका स्पर्धेत गट भरत नाही म्हणून मला दहा किलोंनी जड मुलीसमोर उभं केलं. मी जिंकले. टाळ्या भरपूर मिळाल्या. नंतरचे कित्येक दिवस डाव्या बाजूवर झोपता येत नव्हतं, आणि माझ्या आईनं माझे ग्लोव्हज लपवून ठेवले. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग नाही. पण ती लढत लावणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक हडकुळ्या मुलाची आई एकच विचारते. "मॅडम, पोट्टं एवढंसं हाये माहं. मोठ्यानं हाणलं तं?" तिला मी सांगू शकते की याला मोठ्यासमोर उभं करणारच नाही, याच्याच वजनाच्या मुलाशी खेळेल. या एका वाक्यावर ती मुलाला माझ्या हवाली करते. वजनगट नसेल तर माझ्याकडे तिला द्यायला काहीच उत्तर नाही. "पॅकियाओनं नाही का केलं?" असं उत्तर त्या बाईला द्यायची माझी छाती नाही, आणि कुणाही प्रशिक्षकाची असू नये.

म्हणून माझ्या बरोबरीच्या प्रशिक्षकांना आधी सांगते. सांघिक गुणांसाठी ४६ च्या मुलाला दोन लिटर पाणी पाजून वरच्या गटात नोंदवू नका. हे होतं, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हलक्या गटांत खेळाडू कमी आहेत म्हणून त्यांना बायवर बाय देत, म्हणजे न खेळवताच, अंतिम फेरीत नेऊन पदक गळ्यात घालू नका. शेजारच्या जिल्ह्यांतून त्यांच्या वजनाची मुलं बोलावा आणि लढती द्या. त्यांना पाय शिकवा, आत शिरणं शिकवा, पोटातला ठोसा शिकवा. मोठ्या मुलांबरोबर स्पारिंगही करू द्या, पण ते शिकण्यापुरतं, तुमच्या नजरेसमोर आणि हलक्या हातानं. नोकऱ्या आणि पुरस्कार देणाऱ्या सरकारी खात्यांना विनंती आहे की ४८ आणि ५० किलोंतलं जागतिक किंवा आशियाई पदक ऑलिंपिक गटातल्या पदकाइतकंच मोजावं. गट ऑलिंपिकमध्ये नाही, हा त्या मुलांचा दोष नाही.

लॉस एंजेलिसची यादी आता बदलणार नाही. २०३२ च्या ब्रिस्बेनची अजून बदलू शकते. भारतीय बॉक्सिंग महासंघानं पुरुषांच्या ५० आणि महिलांच्या ४८ किलोंच्या गटांची मागणी आत्तापासून वर्ल्ड बॉक्सिंगकडे लेखी लावून धरावी, थायलंड, फिलिपिन्स, मंगोलिया, उझबेकिस्तानला बरोबर घेऊन. आणि खाशाबांच्या महाराष्ट्राच्या संघटनेनं त्या पत्रावर पहिली सही करावी.